महाबळेश्वरला मुसळधार, दहिवडीत धुरळा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

‘सातारा जिल्ह्यात अतिवृष्टी’ अशी बातमी आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण तालुक्यात, दहिवडीत मात्र धुरळा उडतोय, हे कसं, असं तू विचारलंस. याचं उत्तर वाऱ्याच्या चढणीत आहे.

समुद्रावरून कोकणात शिरणारी पावसाळी हवा समज २८ अंशांची आहे आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २५. हवा वर चढली की दाब कमी होतो, ती फुगते आणि दर १०० मीटरला जवळजवळ १ अंशाने गार होते. दवबिंदू गाठला की वाफेचे थेंब. ढगाचा तळ काढायचा ढोबळ हिशेब असा: तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि १२५ ने गुणायचं. इथे ३ गुणिले १२५, म्हणजे पावणेचारशे मीटर. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना अर्ध्यात धुकं लागतं, तो हाच तळ. तिथून महाबळेश्वरपर्यंत, सुमारे १,३५० मीटरपर्यंत, हवा ढगातच चढते आणि पाणी सांडत राहते. म्हणून तिथे वर्षाला साडेपाच हजार मिमी, जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर.

घाट ओलांडून हवा उतरू लागली की दाबली जाऊन तापते. तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते: ३० अंशांना घनमीटरमध्ये ३० ग्रॅम, २० अंशांना १७. मग ढग विरतात, आणि पडलेले बारीक थेंबही वाटेतच सुकतात. जुलैत माणमध्ये आभाळ भरून नुसता वारा सुटतो तो यामुळेच. त्या ढगांच्या भरवशावर पेरणी करू नये, हे भेटेल त्या शेतकऱ्याला सांग. तुमचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. पश्चिमेचा वारा मंदावतो, पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरची वाफ येते आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा जागच्या जागी वर चढते. रब्बी ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते.

पण हा पाऊस शिवाराशिवारात वेगळा पडतो, म्हणून स्वतः मोज. १६ सेंमी तोंडाचं नरसाळं बाटलीवर घट्ट बसव; त्याचं तोंड सुमारे २०० चौरस सेंमी भरतं, म्हणजे २० मिली पाणी = १ मिमी पाऊस. कडा अगदी सपाट हवी, जमिनीपासून ३० सेंमी वर. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेव. गच्चीवर नको, तिथे वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. रोज सकाळी साडेआठला मोज, हवामान खात्याची वेळ तीच. उशीर केलास तर उन्हाने पाणी उडतं. कोरड्या दिवशी न विसरता ० लिही, नाहीतर त्या दिवशी मोजलंच नाही की पाऊसच नव्हता हे नंतर कळत नाही.

महिन्याचे आकडे झाले की पाठव. तुमच्या महसूल मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहू.

तुझी,
आई