अण्णा, त्या पाऊण तासाबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे की हो आक्का" म्हणता आणि लगेच फिल्टर धुतला काय ते विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, इथं मध्येच तोडता येणार नाही. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ज्यांच्या घरी तुम्ही एसीचं काम केलंय ते ओळखतीलच.

आमचं घर खानापूरच्या पुढं, जांबोटी रस्त्याच्या बाजूला. इथला पाऊस बेळगावात बसून कळत नाही. मलप्रभा जिथं उगवते ते कणकुंबी आमच्याच तालुक्यात, तिकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आमच्या कौलांवर येऊन बसतो. मिरगापासून दसऱ्यापर्यंत उशी दमट, चादर दमट, डब्यातला पापड वाकतो पण मोडत नाही. त्यात सासूबाईंना दमा. त्यांच्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षं कोळशाची शेगडी ठेवायचो, दार लावून. दोन वर्षांमागं एका सकाळी त्या उठेनात. डोकं गरगरतंय, मळमळतंय म्हणाल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी शेगडीचं विचारलं. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच राहू शकतो. शेगडी त्याच दिवशी माळ्यावर गेली.

मग तारांचा हीटर आणला, २,००० वॅटचा. खोली तापायची, पण सासूबाईंचं नाक-घसा कोरडा पडायचा आणि बिल बघून ह्यांचा. शेवटी दीड टनाचं हॉट अँड कोल्ड घेतलं, गार-गरम दोन्ही करणारा एसी. गावात हसलेच लोक. खानापुरात एसी? पावसाळ्यात? जो तो विचारायचा आणि मी प्रत्येकाला तेच सांगायची, की हे गार करायला नाही, ऊब करायला घेतलंय. कसं करतं ते मात्र मलाही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा बसवायला आलेल्या माणसांनी दोन तासांत काम उरकलं. त्यांना बोल लावत नाही फारसा, घाई माझीही होती. पाऊस तोंडावर आला होता, आणि मी किती हौसेनं सांगितलं होतं, "बघा किती पटकन झालं!" वीस दिवसांत मशीन नुसता वारा सोडायला लागलं. आषाढात भिंतीतून पाणीही यायला लागलं, पाइपच्या कडेकडेनं, सासूबाईंच्या उशाशी. परत बोलावलं तर "गॅस भरावा लागेल" म्हणाले, आणि भरला. पुन्हा दोन आठवडे.

तुमचा नंबर माझ्या माहेराहून मिळाला, वडगावातून. तुम्ही भर पावसात स्कूटरवर आलात, रेनकोट पडवीत टांगलात आणि मशीनला हातही न लावता आधी वर बघितलंत. वर नुसती कौलं. मधल्या फटींतून उजेड दिसत होता. "आक्का, आभाळ तापवायला घेतलंय काय हे?" मला राग आला होता तेव्हा, खरं सांगते. पण गरम हवा वर जाते, तिला वर अडवणारं काही नसलं तर दीड टन काय नि तीन टन काय. तुम्ही पैसे न घेता परत गेलात आणि सांगून गेलात, खाली सिलिंग मारा, मग बोलवा. आठ दिवसांत ह्यांच्या मावसभावानं शीट मारली.

दुसऱ्या खेपेला तुम्ही बाहेरच्या मशीनजवळ बसलात. पाइपच्या जोडावरून बोट फिरवलंत आणि ते मला दाखवलंत. बोटाला तेलकट काळसर लागलं होतं. "गॅस जातो तिथनं तेल पण जातं. भोक शोधायला लागत नाही, तेल सांगतं." पहिल्यांदा कुणीतरी मला ते भोक दाखवत होतं, नुसतं "गॅस संपला" न म्हणता. गॅस संपत नसतो, तो जातो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. फ्रिजमध्ये पंधरा-पंधरा वर्षं राहतो तसाच इथंही राहायला पाहिजे.

नट सोडवलात तर आतलं तांब्याचं फुलवलेलं तोंड एका बाजूला चिरलेलं. जास्त आवळलं होतं म्हणालात. तो तुकडा कापलात, कटर गोल गोल फिरवत, प्रत्येक फेरीला थोडासाच आवळत. मग पाइपचं तोंड खाली धरून आतली धार खरवडलीत, आणि खाली तळहात धरलात. तळहातावर तांब्याचा कीस पडला, सोनेरी, रांगोळीसारखा बारीक. "तोंड वर धरून केलं की हे आत जातं. आणि आतनं कुठं जातं? कॉम्प्रेसरच्या पोटात." तो हात तुम्ही माझ्यासमोर धरलात ते अजून डोळ्यांसमोर आहे. आणि मग नट आधी पाइपात सरकवून मग तोंड फुलवलंत, हसत म्हणालात की तीस वर्षं झाली, अजून महिन्यातनं एकदा नट घालायचा विसरतोच आणि परत कापायला लागतं. नट आवळायला दोन सुती (पाव इंची) पाइपाला वेगळा जोर, चार सुतीला (अर्ध्या इंचीला) वेगळा, आणि तो हातानं अंदाजे नाही, आकडा दाखवणाऱ्या पान्यानं.

त्यानंतर कुठं गळतं काय ते बघायला पाइपात नायट्रोजन भरलात. दाबाच्या घड्याळाच्या काचेवर काटा होता तिथं पेनानं रेघ मारलीत आणि जेवायला बसलात. सासूबाईंनी तीन भाकऱ्या वाढल्या, तुम्ही तिन्ही खाल्ल्यात, काटा रेघेवरून हलला नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

जेवणानंतर तुम्ही पिशवीतून व्हॅक्यूम पंप काढलात. पहिल्या माणसांकडं तो होताच म्हणे, पण गाडीतून उतरवला नव्हता. त्यांनी बाहेरच्या मशीनमधला गॅस थोडा सोडून पाइपातली हवा ढकलून दिली होती, दोन मिनिटांचं काम. तुम्ही पंप लावलात आणि स्टुलावर बसलात. पंप घुरघुरत होता, बाहेर पाऊस, आणि तुम्ही काहीच करत नव्हता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ह्यांनी विचारलं, अजून किती? तुम्ही "स्वल्प तडी री" म्हणालात आणि मग लक्षात येऊन, "थोडं दम धरा साहेब." सासूबाई आतून ओरडल्या, "आत काय करालंय ते? झालं न्हाई काय अजून?"

तेव्हा तुम्ही त्यांना कुकरवरून सांगितलंत. कुकरात दाब वाढतो म्हणून पाणी उशिरा उकळतं, डाळ लवकर शिजते. इथं उलटं. पाइपातला दाब इतका उतरवायचा की आत राहिलेला ओलावा साध्या हवेच्या उबेनंच उकळावा आणि वाफ होऊन पंपानं बाहेर ओढावा. छोट्या डिजिटल घड्याळावर आकडा उतरत होता. त्या मापाला मायक्रॉन म्हणतात. हवेचा दाब त्यात साडेसात लाखांच्या वर असतो आणि तुम्हाला तो ५०० च्या खाली हवा होता. आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पाइपात किती ओल शिरली असेल ते पापडावरूनच समजा. ती ओल आत राहिली तर मशीनमधल्या तेलाशी मिळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर हळूहळू आतून खाल्ला जातो. दोन-तीन वर्षांनी मरतो, आणि तोवर बसवणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात नसतं. हे शेवटचं वाक्य तुमचंच.

पाऊण तासानं आकडा ५०० च्या खाली गेला. मला वाटलं झालं. तुम्ही पंप बंद केलात आणि परत बसलात! आता काय? आता आकडा वर चढतो काय ते बघायचं, म्हणजे कुठं गळती नाहीतर ओल राहिलीय काय ते कळतं. कन्नडमध्ये मिनिटं मोजत होता, हत्तू, हन्नोंदू, हन्नेरडू. आकडा थोडा हलला आणि थांबला. मग गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवलीत आणि मशीनच्या प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच आत सोडलेत. त्याआधी शेजारचे आजोबा बिडी ओढत बघायला आले होते, त्यांना तुम्ही हात जोडून अंगणापलीकडं पाठवलंत, कारण हा आर-३२ गॅस थोडा पेटणारा आहे.

तो पाऊण तास कुणी तुम्हाला विचारला नसता. तो दिसत नाही, बिलात वेगळा लिहिता येत नाही. तुम्ही तो वगळला असता तरी मशीन त्या संध्याकाळी तसंच चाललं असतं.

बाकीची कामं थोडक्यात लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल आक्का पुराण सांगत्यात. भिंत जांभ्याची, दीड फुटाची. जुनं भोक आत उतरतं होतं, म्हणून पाऊस पाइपाला धरून घरात येत होता. तुम्ही ते बाहेरच्या बाजूला उतरतं करून घेतलंत. चिऱ्यात मारलेले फास्टनर हातानं हलत होते, तेव्हा बाहेरचं मशीन भिंतीवरून उतरवून परड्यात फूटभर उंच कट्ट्यावर रबरावर ठेवलंत. अर्थिंगवरून ह्यांच्याशी तुमचं वाजलं, तेही चांगलंच झालं. घर आजोबांच्या वेळचं, तीन पिनांचा बोर्ड होता पण तिसऱ्या भोकात काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात, अर्थिंग नाही तर मी बटण दाबत नाही. दुसऱ्या दिवशी खड्डा झाला.

बटण दाबल्यावर आतलं मशीन तीन-चार मिनिटं गप्प. सासूबाई म्हणाल्याच, "गेलं बघा परत." तुम्ही सांगितलंत की आतली जाळी तापेपर्यंत ते मुद्दाम वारा सोडत नाही, नाहीतर म्हातारीच्या अंगावर गार वारा येईल. मग फुस्स आवाज झाला आणि ऊब आली. ह्यांना तुम्ही समजावलंत की हे वीज जाळून ऊब करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब उचलून आत आणतं, म्हणून एका युनिटात तीन युनिटांएवढी ऊब येते, हीटर एकाला एकच देतो. बाहेर पाऊस आहे, गारठा आहे, तिथं ऊब कुठली, असं हे म्हणाले. तुम्ही म्हणालात, वीस डिग्री हवा म्हणजे मशीनला दिवाळी. दुसऱ्या दिवशी परड्यातल्या मशीनखाली पाणी बघून मी घाबरून फोन केला. तेही तुम्ही सांगून गेला होता, ऊब करताना पाणी बाहेरच्या बाजूला गळतं, मीच विसरले.

आणि पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत. वहीच्या पानावर एक-एक गोष्ट लिहून, पाइप किती फूट, गॅस किती ग्रॅम. सासूबाई दहाची नोट वर देऊ लागल्या तर घेतली नाहीत, पण हिशोबात सूटही दिली नाहीत. त्याबद्दलही आभार, अण्णा. उपकार म्हणून केलं असतंत तर पुढच्या वेळी बोलवायला संकोच वाटला असता.

सासूबाई आता रात्री सलग झोपतात. इनहेलर आहेच, पण पहाटेची ती बसून काढायची वेळ ह्या पावसाळ्यात तीनदाच आली. रिमोटवर सूर्याच्या चित्राजवळ तुम्ही चिकटवलेली लाल टेप निघत आलीय, त्यांना दुसरी लावून दिली तर चालत नाही. तुमचीच पाहिजे.

दसऱ्याआधी सर्व्हिसला येतो म्हणालात ना, दुपारी या. सकाळी इकडं लाइट नसते. भाकऱ्या चार करायला सांगितल्यात त्यांनी.

तुमची,
जांबोटी रस्त्यावरची आक्का