संमतिपत्र वाचून देणारी माणसे हवीत : वाचनालयाच्या रुग्ण-साहाय्य समितीचे आवाहन

पेडणे तालुक्यातील नागरिकांस सप्रेम नमस्कार.

नवे औषध किंवा लस सर्वांना मिळण्याआधी माणसांवर तपासावी लागते. या चाचण्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, फक्त मुंबई-पुण्यात होतात असे नाही. 2020 साली कोव्हॅक्सिन या कोव्हिडच्या लसीच्या सुरुवातीच्या चाचण्यांसाठी देशात 12 ठिकाणे निवडली गेली, त्यांत आपल्या धारगळचे एक रुग्णालय होते. उद्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या खाजगी रुग्णालयात गेलेल्या तुमच्या घरच्या माणसालाही चाचणीत येण्याबद्दल विचारणा होईल आणि हातात बरीच पाने असलेले संमतिपत्र पडेल. त्या वेळी शेजारी बसायला माणसे हवीत, आणि नंतर लागणारे थोडे साहित्यही हवे. हे दोन्ही आम्ही तुमच्याकडे मागत आहोत.

आधी माणसांचे. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल तर समजावून सांगायला सुरुवात झाल्यापासून अंगठा उठेपर्यंत तटस्थ साक्षीदार हजर असला पाहिजे आणि त्याने सही केली पाहिजे, असे 2019 चे केंद्रीय नियम सांगतात. साक्षीदाराचा त्या चाचणीशी संबंध नसावा, म्हणून त्या रुग्णालयातील नोकरदार किंवा औषध कंपनीचा माणूस आम्हाला चालणार नाही. शेवटच्या पानापुरता कोणाला तरी बोलावून घेतलेली सही ही साक्षच नव्हे. सकाळची पूर्ण वेळ देऊ शकणारे, मराठी आणि कोंकणी दोन्ही सहज बोलणारे, ऐकलेले पोटात ठेवणारे निवृत्त शिक्षक, बँकेत काम केलेले, अंगणवाडी सेविका अशा लोकांनी पुढे यावे. स्त्रिया अधिक हव्यात. बाईमाणसाला पाळी, गर्भधारणा, कुटुंबनियोजन यांविषयीचे प्रश्न तिथे विचारले जातात आणि परक्या पुरुषासमोर ती गप्प बसते.

साक्षीदाराने रुग्णाला "घे" किंवा "नको" सांगायचे नाही. रुग्णाला नीट कळले का, एवढे पाहायचे. सगळ्यात मोठा गैरसमज असा की चाचणीतले औषध म्हणजे खास आपल्यासाठी निवडलेले, जास्त चांगले औषध. तसे नसते. पुष्कळ चाचण्यांत कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, हे संगणक ठरवतो. कित्येकदा डॉक्टरांनाही ते माहीत नसते. जिवावर बेतले तरच ते उघडून पाहता येते. म्हणून रुग्णाला आपल्या शब्दांत सांगायला लावावे: मला काय देणार, किती वेळा रक्त काढणार, नको झाले तर काय करायचे. मधूनच बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट मिळतात. पत्रक घरी नेऊन मुलाला, फॅमिली डॉक्टरला दाखवता येते. सही झाल्यावर एक प्रत आपल्याकडे राहिलीच पाहिजे. ती न घेताच उठणे ही नेहमीची चूक.

कागदावर सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातील चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, शोधावा. त्यात साल, महिना आणि पुढे आकडे असतात. पहिला रुग्ण घेण्याआधी ही सरकारी नोंदणी व्हावी लागते, आणि फोनवर तो क्रमांक टाकला की कोणती चाचणी, कुठे, कोणाच्या पैशाने हे दिसते. नोंदणी सापडली नाही, तर सही थांबवून विचारावे. चाचणीत आलेल्या माणसांचे हित पाहणाऱ्या समितीचा, म्हणजे एथिक्स कमिटीचा, फोन क्रमांकही त्याच कागदांत असतो. या कमिटीत किमान 7 जण असतात, त्यांत एक सामान्य नागरिक असतो, आणि तक्रार ऐकणे हे तिचे कामच आहे.

आता साहित्य. लसीच्या चाचणीत बहुधा पहिले 7 दिवस रोज संध्याकाळी ताप पाहून डायरीत लिहायचा असतो, आणि टोचल्या जागी लाली असेल तर ती सर्वांत रुंद जागी मिलिमीटरमध्ये मोजायची असते. घरात थर्मामीटर नसला, सेल गेलेला असला की "ताप नाही" असे अंदाजाने लिहिले जाते. चहा पिऊन लगेच तोंडात धरला तर आकडा चढतो, आज तोंडात आणि उद्या काखेत धरला तर तुलनाच उरत नाही. काहीजण रुग्णालयात जायच्या आदल्या रात्री सातही रकाने एकदम भरतात. अशा डायरीमुळे खरा दुष्परिणाम झाकला जातो, आणि पुढे तेच औषध हजारोंना दिले जाते. रक्तदाबाचेही तेच: 5 मिनिटे टेकून बसल्याशिवाय, पाय जमिनीवर आणि दंड छातीच्या उंचीवर ठेवल्याशिवाय मोजलेला आकडा भरवशाचा नाही.

रुग्णालयाकडून वस्तू मिळाल्या तर त्याच वापराव्यात. नसतील तिथे देण्यासाठी आम्हाला 20 डिजिटल थर्मामीटर, जादा सेल, दंडावर बांधायची 4 रक्तदाब यंत्रे (मनगटावरची नकोत), पारदर्शक पट्ट्या आणि झिपच्या पिशव्या हव्यात. पिशव्या उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या स्ट्रिप्ससाठी. या गोळ्या आणि स्ट्रिप्स रुग्णालयात परत मोजल्या जातात, पण घरची मंडळी त्या कचरा म्हणून फेकून देतात. काढा, वेदनाशामक गोळ्या, शेजाऱ्याने दिलेले औषध हे सारे लिहायला एक वही लागते. अशा 60 वह्या द्याव्यात.

रुग्णाचा प्रवासखर्च चाचणी चालवणाऱ्यांनी द्यायचा असतो, त्यासाठी देणगी नको. सकाळच्या बसने साक्षीदार पाठवायचे झाले तर त्यांच्या तिकिटापुरती रोख मदत मात्र घेऊ. औषध कंपनी, तिचे वितरक किंवा चाचणी घेणारे रुग्णालय यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. रुग्ण हो म्हणो की नाही, मदत सारखीच मिळेल.

वस्तू सीलबंद असाव्यात, यंत्रांबरोबर बिल द्यावे. साक्षीदार म्हणून येणाऱ्यांनी ओळखपत्राची प्रत आणावी. गुप्तता पाळण्याचे पत्र इथेच लिहून घेऊ. वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी 5 ते 7 उघडे असते. रोख रकमेची पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपली,
वाचनालयाची रुग्ण-साहाय्य समिती