अठरा चिठ्ठ्या

क्लिफ्टन, न्यू जर्सी
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शैला,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. आत हे पत्र आहे आणि अठरा चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांचं शेवटी सांगते. इथले एक ओळखीचे गुरुवारी पुण्याला पोचताहेत, ते तिथून तुला कुरियर करतील. आपण व्हॉट्सॲपवर रोज बोलतो, पण तिथे हे सगळं तुकड्यातुकड्यांत सांगितलं असतं तर त्यातलं अर्धं सांडलं असतं.

आधी तुझं सांग. नेमणुकीची ऑर्डर हातात पडली का? दिवाळी होऊन गेली तरी तासांचे पैसे जमा नाहीत म्हणालीस, ते डोक्यातून जात नाहीये. नेटची परीक्षा झाली, पीएचडी झाली, तेरा वर्षं तू मुलांना राज्यशास्त्र शिकवते आहेस, आणि दर जूनमध्ये पुन्हा फाइल घेऊन मुलाखतीच्या रांगेत. शिवाजी विद्यापीठाच्या लायब्ररीत संध्याकाळी दिवे जाईपर्यंत बसायचो तेव्हा आपल्यापैकी कुणाला वाटलं होतं गं असं?

मी इथे जी नोकरी करते तिला ॲडजंक्ट म्हणतात. तुला ती वेगळी समजावून सांगायला नको. तुझंच तासिका तत्त्व, फक्त पैसे तासाऐवजी कोर्सवर. एका सत्राचं पत्र येतं, सत्र संपलं की ते पत्रही संपलं. विमा नाही, केबिन नाही. मुलांना भेटायचं तर लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल, तेही रिकामं असेल तर. पुरेशी मुलं आली नाहीत तर वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कोर्स रद्द होतो. मागच्या वर्षी माझं काम करायच्या परवानगीचं कार्ड वेळेत आलं नाही आणि एक सत्र तसंच गेलं. बाबांना मागावर विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे मिळायचे, तुला तासावर, मला कोर्सवर. इतकं शिकून आपण दोघी परत तिथेच आलो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप रडू आलं होतं. आता रडू येत नाही, राग येतो. मला वाटतं राग बरा.

या सत्रात मला मिळालेला विषय आहे जागतिक नागरिकत्व. पहिल्या वर्षाची मुलं मोठ्या वर्गात हरवून जाऊ नयेत म्हणून इथे त्यांचे छोटे छोटे वर्ग करतात. माझ्याकडे अठरा जण आहेत, सोमवार-बुधवार, सकाळी साडेआठ. वाचायचं, बोलायचं, लिहायचं. ऑगस्टमध्ये तयार सिलॅबस आला. संयुक्त राष्ट्रांची ती १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, रंगीत चौकोनांची. परदेशात एक सत्र शिकायला जायची माहिती. दुसऱ्या संस्कृतींबद्दल आदर. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण वाचताना सारखं वाटायचं, यात कामावर जाणारा माणूस कुठे आहे?

आणि शिकवणारी मी कोण? या महिन्यात दोन निवडणुका झाल्या. ५ तारखेला इथली. मी इथली नागरिक नाही, त्यामुळे प्रश्नच नव्हता. २० तारखेला आपली विधानसभेची. परदेशातल्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः जावं लागतं, आणि सत्राच्या मध्यात इचलकरंजीला यायचं म्हणजे कोर्सवर पाणी सोडणं. दोन्ही दिवशी मी वर्गात नागरिकत्व शिकवत होते किंवा त्याचे पेपर तपासत होते. यांचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१४पासून रांगेत आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, मग तो देश भारत असो नाहीतर आइसलँड. आमची सई सोळाची झाली. एकवीस पूर्ण होईपर्यंत आमचा नंबर लागला नाही तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल, आणि जिथे ती बालवाडीपासून शिकली तिथे राहायला तिला स्वतःची वेगळी वाट शोधावी लागेल. हे मी वर्गात सांगितलं नाही. पण फळ्यावर 'नागरिक' हा शब्द लिहिताना दर वेळी ती डोळ्यांसमोर येते.

पहिल्या दिवशी मी मुलांना विचारलं, जगाचा नागरिक कुणाला म्हणाल? बहुतेकांनी लिहिलं, जो खूप देश फिरला आहे तो. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याने कागद कोराच दिला. तो रात्रभर एका गोदामात काम करतो, सकाळी सहाला सुटतो आणि गाडीत तासभर झोपून वर्गात येतो. मी तास संपल्यावर विचारलं तर म्हणाला, "मॅम, मी कधी विमानात बसलो नाही. पण रात्रीत हजार खोकी उचलतो, प्रत्येकावर देशाचं नाव असतं. हे धरायचं का, कळेना, म्हणून लिहिलं नाही."

त्या रात्री मी सिलॅबसचा दुसरा आठवडा खोडून टाकला.

पुढच्या सोमवारी सगळ्यांना सांगितलं, शेजाऱ्याच्या कॉलरमागची पट्टी वाचा. हसत-खिदळत वाचायला लागले. बांगलादेश, व्हिएतनाम, होंडुरास, बांगलादेश, भारत, परत बांगलादेश. एक मुलगी मात्र गप्प झाली. ती पॅटरसनला राहते, आईवडील बांगलादेशातून आलेले. थोड्या वेळानं तिनेच राणा प्लाझाचं सांगितलं. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. ती तेव्हा सात वर्षांची होती, घरातला टीव्ही दोन दिवस बंद झाला नव्हता, एवढं तिला आठवतं. बाकीचं मी सांगितलं. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा पडल्या होत्या. खाली बँक होती, तिने माणसं घरी पाठवली. वरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. मरणाऱ्यांत बहुतेक बायका. त्यानंतर पहिल्यांदा मोठ्या कंपन्यांना कायद्याने बांधील असा इमारत-सुरक्षेचा करार करावा लागला.

शैला, वर्गात कुणी कॉलरला हात लावायला तयार नव्हतं. ती शांतता मला भाषणाने आणता आली नसती.

मग आम्ही १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घेतला, तीसच्या तीस कलमं. तुला हंसा मेहता आठवतात ना? पहिल्या कलमात 'ऑल मेन' असं होतं, ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' व्हावं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात भारताकडून गेलेली आपली ही बाई अडून बसली. मुलांना सांगितलं तेव्हा दोन मुलींनी तो शब्द वहीत अधोरेखित केला. तेविसाव्या कलमात समान कामाला समान वेतन आहे. ते वाचताना माझा आवाज जरा अडखळला असावा, कारण एकीने विचारलं, मॅम, तुम्हाला कायमच्या प्राध्यापकांइतका पगार आहे का? मी नाही म्हणून सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? गेल्या वर्षी १० एप्रिलला याच राज्यात रटगर्स विद्यापीठात कायम आणि ॲडजंक्ट शिक्षक एकत्र संपावर गेले होते, हेही सांगितलं. वर्गातल्या कुणाच्या तरी ताईने तो संप पाहिला होता.

पण खरा प्रश्न गोदामातल्या त्या मुलाने काढला. तेरावं कलम म्हणतं, प्रत्येकाला कुठलाही देश सोडायचा आणि आपल्या देशात परत यायचा हक्क आहे. त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाहेर पडायचा हक्क आहे. मग दुसरीकडे आत यायचा कुठल्या कलमात आहे?" पानं उलटली गेली. चौदाव्यात जीव वाचवायला आलेल्याला आश्रय मागता येतो. एवढंच. बाकी कुठेच नाही. आपण एमएला तो जाहीरनामा शिकलो, मी कितीदा शिकवला, पण हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो हे माझ्या डोक्यात इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. मी वर्गात म्हटलंसुद्धा, की हे मला आज तुझ्यामुळे कळलं.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मी त्यांना पॅटरसनला नेलं. नेलं म्हणजे काय, सहलीला पैसे नव्हते, ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी इतरांना घेतलं. आमच्या घरापासून पंधरा मिनिटं. पसाइक नदीचा ७७ फुटांचा धबधबा आहे गावात, त्याच्या पाण्यावर १७९०च्या दशकात गिरण्यांचं गाव वसवलं. पुढे रेशमाचं गाव म्हणून नाव झालं. अगं, आपली इचलकरंजीच ती! त्याच विटांच्या लांबच लांब भिंती, वर तशाच उंच खिडक्या. १९१३ साली इथे मोठा संप झाला, साधारण तीनशे गिरण्या बंद, चोवीस-पंचवीस हजार माणसं रस्त्यावर. कशावरून, सांग? विणकराकडे दोन माग असायचे, मालकांनी चार द्यायला सुरुवात केली म्हणून. आणि आठ तासांचा दिवस हवा म्हणून.

चार माग. संग्रहालयात जुन्या यंत्रांसमोर उभी राहून मुलांना हे सांगत होते आणि 'चार' म्हणताना मला एकदम बाबा दिसले. त्यांच्याकडे चार होते, मी पाचवीत असताना सहा झाले. एका मागाचा धागा तुटला की तिकडे धाव, तेवढ्यात दुसऱ्याची कांडी संपते. डबा द्यायला जायचे तेव्हा शेडच्या दारात उभं राहून हात हलवायचा, हाक ऐकूच जायची नाही. डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर पांढरा कापूस. आई शेजारच्या खोलीत कांड्या भरत असायची. मुलांना धोटा म्हणजे काय ते मी हातांनी करून दाखवलं, असा इकडून तिकडे जातो, आत कांडी असते, कांडीवर सूत. कुणीतरी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? तर मी सांगितलं. सगळंच सांगितलं. तोपर्यंत ते मला फक्त इंग्रजी बोलणारी प्राध्यापिका म्हणून ओळखत होते.

तिथून जवळ हॅलेडनला बोट्टो नावाच्या इटालियन विणकर कुटुंबाचं घर आहे. पॅटरसनमध्ये पोलीस सभा होऊ देईनात, हॅलेडनचा महापौर समाजवादी होता, त्याने होऊ दिल्या. रविवारी हजारो माणसं त्या घरासमोर जमायची आणि पुढारी वरच्या गच्चीतून बोलायचे. ऐकणारे इटलीचे, पोलंडचे, कितीतरी जण इथले नागरिकसुद्धा नव्हते. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण मागांचा आकडा सगळ्यांना कळत होता. रिबिन विणणारे कारागीर आणि रंगखात्यातले मदतनीस एका बाजूला उभे राहिले. संप जुलैत हरला, पोटापुढे हरला. मुलं बराच वेळ त्या गच्चीखालच्या गवतावर बसून होती. सिलॅबसमध्ये ज्याची व्याख्या पाच ओळींत दिली आहे ते मला त्या गवतावर दिसलं, असं मी मनापासून सांगते तुला.

परतताना बांगलादेशी मुलीने विचारलं, "तुमच्या वडिलांनी कधी संप केला होता?"

मला सांगता येईना. संप झाले होते हे आठवतं. आई डाळीत पाणी वाढवायची तेही आठवतं. पण बाबा त्यात पुढे होते का, सहा माग दिले तेव्हा ते काय म्हणाले, ते कापड कुठे जायचं, यातलं मी त्यांना काही म्हणजे काही विचारलेलं नाही. आणि आता फोनवर विचारता येत नाही. मागाच्या आवाजाने कान गेले, मशीन लावत नाहीत, व्हिडिओवर नुसते माझ्याकडे बघून हसतात आणि "जेवलीस का" म्हणतात.

म्हणून या चिठ्ठ्या. हे मुलांनीच सुचवलं. प्रत्येकाने आपल्या हाताने एक प्रश्न लिहिला आहे, खाली मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, पेपर रोज वाचतात, त्यांना वाचता येईल. एकाने विचारलंय, इतक्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसे? एकीने, पाणी प्यायला जाताना माग कोण बघायचं? गोदामातल्या मुलाने विचारलंय, रातपाळीनंतर झोप यायची का. तू नुसते फोटो दाखवले असतेस तरी चाललं असतं, पण मला वाटलं, कागद त्यांच्या हातात पडावा.

तुला तासांमधून वेळ काढून जावं लागणार, माहितेय मला. पाचनंतर जा, त्याआधी ते मारुतीच्या पारावर असतात. उजव्या बाजूला बस, त्या कानाने अजून थोडं येतं. एका वेळी एकच चिठ्ठी दे. सगळ्या एकदम दिल्यास तर "ठेव, वाचतो" म्हणतील आणि उशाखाली ठेवून देतील. उत्तर ते लिहिणार नाहीत, बोलतील, तू लिहून घे. जसं बोलतील तसंच लिही, शुद्ध करू नकोस. मध्येच गप्प झाले तर थांब, आठवत असतात. आईला म्हणावं, कांड्यांचं तूही सांग, मुलींनी दोन चिठ्ठ्या खास तिच्यासाठी लिहिल्यात, त्यांच्यावर कोपऱ्यात लाल टिंब केलंय.

माझा शेवटचा तास ११ डिसेंबरला, बुधवारी. त्याआधी कागदांचे फोटो आले की मी भाषांतर करून ठेवीन. सगळी उत्तरं नाही झाली तरी चालतील, चार-पाच झाली तरी पाठव.

आणि ऑर्डरचं कळव.

तुझी,
उज्ज्वला