जिभाऊ, टनेल उभं आहे!

जिभाऊ, सप्रेम नमस्कार.

टनेल उभं करून दिल्याबद्दल आभाराचा विषय काढला की तुम्ही "राहू द्या ना ताई" म्हणता आणि गाडीला किक मारता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथून पळता येणार नाही.

मृगाच्या तोंडावर वादळ आलं तेव्हा नदीपलीकडच्या केळीचे खांब आडवे झाले, दोन घरांचे पत्रे उडाले. आपल्या टनेलवर, म्हणजे रोपांसाठीच्या कमानींच्या आडोशावर, पेपर (प्लास्टिकचा कागद) नुकताच चढवला होता. सकाळी जाऊन पाहते तर कमानी जागच्या जागी! एका तोंडाची सुतळी तेवढी सुटली होती. तुम्हाला फोन केला, तर तुमचं पहिलं वाक्य, "गाठ कोणी मारेल व्हती?"

मुळात मला पॉलिहाऊस नकोच होतं. मिरची-वांग्याची रोपं थंडीत आखडतात, पावसाळ्यात कोथिंबीर झोडपून निघते, त्यासाठी स्वस्तातला आडोसा हवा होता. ज्याला विचारावं तो लाखातला आकडा सांगायचा. तुम्ही मात्र आकडा सांगण्याआधी शेतात येऊन उभे राहिलात आणि वारा कुठून येतो ते विचारलंत. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून टनेलची लांबी पूर्व-पश्चिम. वाऱ्याला तोंड द्यायचं, कूस द्यायची नाही. हे मला एरवी कुणी सांगितलं असतं?

२० फुटी पीव्हीसी पाइप, दोन टोकं १२ फुटांवर रोवून वाकवला की मधोमध माणूस ताठ उभा राहतो. दर ४ फुटांवर एक कमान, वर आढ्यासारखा एक पाइप आडवा, चारही कोपऱ्यांत तिरके टेकू. टेकूंचा खर्च वाचवू म्हटलं तर तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "वारा काय सांगीसन येस का, ताई?" पाइप ज्यात बसतात त्या १२ एमएमच्या सळयाही तुम्ही नुसत्या ठोकू दिल्या नाहीत. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. त्यात सळई दातासारखी हलायला लागते. म्हणून पहारीने खड्डे घेऊन खडी-सिमेंट भरलं. कंटाळवाणं काम. तेच कामाला आलं.

सगळ्यात आवडली ती तुमची जुन्या नळ्यांची युक्ती. आपल्याकडे प्रत्येक गोठ्यामागे ठिबकच्या बाद नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. ओट्यावर बसून तुम्ही कोयत्याच्या टोकाने त्या उभ्या चिरत होता, बोटाने उकलून कमानीवर चढवत होता, वर सुतळीचा वेढा. पाइप उन्हात तापतो, पेपर त्याला टेकतो आणि तिथेच आधी जळून फाटतो, म्हणून मध्ये ही गादी. फुकटात झालं काम, आणि गोठ्यामागचा पसाराही गेला (सासूबाई त्यासाठी तुमच्या जास्त ऋणी आहेत).

पेपरच्या बाबतीत मात्र तुम्ही कंजुषी करू दिली नाही. बाजारातलं साधं मेणकापड आपल्या उन्हात एका हंगामात भुगा होतं. यूव्हीवाला, म्हणजे ऊन सोसणारा, २०० मायक्रॉन जाडीचा घ्या, तीनेक वर्षं बघायला नको. कमानीचे २० फूट आणि दोन्ही बाजूंना चरात गाडायला दीड-दीड फूट, म्हणून ७ मीटर पन्हा. वारा पडलेला आणि ऊन तापलेलं असताना ताणायचा; थंडीत ताणला तर उन्हात ढिला पडून फडफडतो. ती दुपार आठवली की अजून हाताला फोड येतात. चार माणसं एका बाजूने ओढतायत आणि तुम्ही पलीकडून ओरडताय, "हळू, हळू, लगीनघाई नको!"

होळी झाली की पेपर काढा, ५० टक्के सावलीची शेडनेट टाका, हेही तुमचंच. पंचेचाळिशीच्या उन्हात पेपरखाली रोपं शिजली असती. हिवाळ्यातही दहा वाजले की दोन्ही तोंडं उघडते, नाहीतर आत दमटपणा कोंडतो आणि रोपं बुडातून कोलमडतात. तोंडांना बारीक जाळी लावल्यापासून मिरचीवर पांढरी माशी कमी आहे. बोकड्या (पानं आखडण्याचा रोग) औषधालासुद्धा दिसला नाही असं म्हणणार नाही, पण गेल्या सालापेक्षा बरं आहे.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. त्यावर वाद घालत नाही. थंडीत भरताची वांगी धरली की पऱ्हाट्यांवर भाजू, कळण्याची भाकरी माझ्याकडे, हिरवी मिरची टनेलातली. वहिनींना घेऊन यायचं.

आणि हे वाचून जिभाऊंना फोन करणाऱ्यांनो, पाइपचा भाव त्यांना विचारू नका, तो दुकानदार सांगेल. आधी शेतात उभं राहून वारा बघून ठेवा. ते पहिलं तेच विचारणार आहेत.

तुमची,
ताई