अपशिंग्याच्या काकांना, गच्चीवरच्या त्या दुपारीबद्दल

काका, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच पाऊसपाण्याचा विषय काढता, म्हणून इथे लिहितोय, नातू दाखवेल तेव्हा वाचा.

वाचनालयातल्या भाषणासाठी मी जॉर्ज प्रेडीवर लिहून आणलं होतं. अमेरिकन पायलट, वय 25, मस्टँग विमानावर त्याच्याएवढी विमानं दुसऱ्या कुणी पाडली नाहीत, 6 ऑगस्ट 1944 ला तर एकाच फेरीत सहा. आणि गेला कसा, तर त्याच वर्षी 25 डिसेंबरला, ऐन नाताळात, बेल्जियममध्ये लिएजजवळ एका जर्मन विमानाच्या मागे झाडांना घासत चालला होता आणि खालून अमेरिकन गनर्सनीच त्याला उडवलं. मी त्या गनर्सना 'आंधळे' लिहून मोकळा.

तुम्ही वाचलंत, काही बोलला नाहीत, गच्चीवर नेलंत. तुमची अख्खी नोकरी विमानभेदी तोफेवर झाली हे मला तिथे कळलं (एवढी वर्षं शेजारी राहून!). वर घारीच्या मागे कोतवाल पक्षी लागला होता. "बोट घारीवर धर आणि ठो म्हण." मी दहा वेळा ठो म्हटलं असेल, दर वेळी घार पुढे निघून गेलेली आणि बोट कोतवालावर. मग म्हणालात, ही तर घार आहे लेका, विमान ताशी 500 किलोमीटरने आलं तर सेकंदाला 140 मीटर जातं, पुढे धरून मारावं लागतं, जरा कमी धरलं की मागचा सापडला. त्यात तिथे बेल्जियमच्या जंगलात आर्देनची लढाई पेटलेली, जर्मन लोक अमेरिकन वर्दी घालून घुसलेले, सगळेच बिथरलेले. "चूक ती चूकच. पण आंधळा नको म्हणू."

आणि जिना उतरताना विचारलंत, "घरी कोण होतं रे त्याच्या?" मी बघितलंच नव्हतं. रात्री शोधलं, धाकटा भाऊ होता, बिल, तोही मस्टँगवरच, एप्रिल 1945 मध्ये तोही गेला. फ्रान्समध्ये सेंत-आव्हॉल्डला दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. भाषण मी तिथूनच सुरू केलं, ते 'आंधळे' खोडून.

तुम्ही मागच्या रांगेत होतात, बघितलं मी. चहा न घेताच निघालात पण. रविवारी येतोय, घरीच थांबा.