जूनमध्ये या, आणि तो बॉल घेऊन या

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. (शाळेतलं पत्रलेखन एवढंच लक्षात राहिलंय, पुढचं सगळं मी बोलते तसंच लिहिणार.)

रविवारी फोनवर गोल्फ कोर्सचा विषय काढला तर बाबा तुम्ही "बघू" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं "बघू" म्हणजे नाही, हे मला सातवीच्या सहलीपासून माहितीये. मग आईनेच सांगितलं, की तुम्ही म्हणे बोललात, असल्या ठिकाणी आपलं काय काम. म्हणून हे पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर एक अंगठा टाकून मोकळे झाला असतात.

तर जागेचं नाव मूर पार्क. आमच्या हॅरोहून लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर पाचवं स्टेशन, आणि ते स्टेशनच मुळात १९१० साली शेजारच्या सँडी लॉज नावाच्या गोल्फ कोर्ससाठी काढलेलं, म्हणजे इथे लोक लोकलने गोल्फ खेळायला जायचे बघा. माझ्या ऑफिसमधला एक जण तिथे मेंबर आहे, तो गेस्ट म्हणून नेतो म्हणालाय.

टीव्हीवर तुम्ही ब्रिटिश ओपन बघता ना, समुद्रकाठची ती उजाड वाळूची मैदानं, वारा सुटलाय, झाड औषधाला नाही, त्याला लिंक्स म्हणतात. हे त्याच्या उलट, पार्कलँड. म्हणजे कुणा सरदाराच्या वाड्याभोवतीची जुनी बाग, मोठाली झाडं, मऊ हिरवळ, आणि त्यातूनच खेळायचं. हॅरी कोल्ट म्हणून एक वकील होता, तो वकिली सोडून गोल्फ कोर्स आखायला लागला, त्याने १९२३ साली इथे दोन कोर्स केले, हाय आणि वेस्ट. आणि क्लबहाऊस म्हणजे काय तर सरळ राजवाडाच, दारात हे असे खांब.

आता "आपलं काय काम" याचं उत्तर. बाबा, तो वाडा आज दिसतो तसा कोणी केला माहितीये? बेंजामिन स्टाइल्स नावाच्या माणसाने. साउथ सी कंपनीचे शेअर १७२० मध्ये आपटले आणि अख्खं लंडन बुडालं, याने त्याच्या आधीच विकून पैसा काढून घेतला होता. त्याच पैशात त्याने जुन्या घराला दगडी तोंड लावून घेतलं, आत भिंतींवर-छतावर चित्रं काढून घेतली, आणि चित्रकाराशी भांडण होऊन प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे आपल्या सोसायटीच्या रंगकामासारखंच सगळं. हॉलच्या छतावर एक घुमट आहे, मान वर करून बघितलं की वाटतं केवढा खोल गेलाय, प्रत्यक्षात छत सपाट आहे, घुमट नुसता रंगवलेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन मिनिटं तोंड उघडं टाकून उभी होते, मग मित्राने सांगितलं आणि फसल्यासारखं वाटलं, तरी परत वर बघितलंच.

आणि १९१९ मध्ये ही सगळी इस्टेट घेतली कोणी? लॉर्ड लिव्हरह्यूम. बोल्टनच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. आई, सनलाइट साबण! आजी ज्या वडीने चादरी घासायची ना, तोच. आपल्या हिंदुस्तान लिव्हरमधलं लिव्हर ते हेच. गोल्फ क्लब त्यानेच काढला. तेव्हा आपण तीन पिढ्या त्याचा साबण घेतलाय, आपले चार आणे तरी त्या गवतात असतीलच की, आपलं काम कसं नाही तिथे?

आईसाठी वेगळं सांगते. मधल्या काळात अ‍ॅन्सन नावाचा आरमारातला अ‍ॅडमिरल तिथे राहायचा, त्याच्या बागेवरून जर्दाळूच्या एका जातीचं नावच मूर पार्क पडलं. त्याच्याच वेळी केपेबिलिटी ब्राउनने सगळी बाग नव्याने आखली. कुठलीही जमीन दाखवली की हा म्हणायचा इथे केपेबिलिटी आहे, म्हणून ते नाव. होरेस वॉलपोल म्हणून एक नाक मुरडणारे गृहस्थ १७६० मध्ये बघून गेले आणि लिहून ठेवलं की हे उंचवटे काय, चिचुंद्रीने उकरलेले ढिगारे वाटतात. मला विचाराल तर त्याला चेंडू मारायचा नव्हता म्हणून असं वाटलं, त्या उतारांवर बॉल जो काही लोळत जातो तो बघायला मजा येते, माझा तर नेहमी नको तिकडेच जातो.

बाबा, तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आता सांगते. दुसऱ्या महायुद्धात हा वाडा ब्रिटिश एअरबोर्नवाल्यांकडे, म्हणजे विमानातून उतरणाऱ्या सैन्याकडे होता. हॉलंडमधल्या आर्नहेमचा पूल जर्मनांकडून घ्यायचा बेत इथे शिजला. सप्टेंबर १९४४. तुम्ही मला त्या पुलाची गोष्ट डायनिंग टेबलवर चमचे-वाट्या मांडून सांगितली होती, आमटीचा डाव म्हणजे ऱ्हाइन नदी. दहा हजारांच्या आसपास माणसं पलीकडे उतरली आणि नदी ओलांडून परत आली जेमतेम अडीच हजार. त्या वाड्यात उभं राहून ती गोष्ट मला परत ऐकायचीये, चमचे मी आणेन.

आता व्यवहाराचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या. रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि दिवाळीत आलात तर नुसता चिखल. अठरा होल चालायचं म्हणजे सात-आठ किलोमीटर होतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते करायचं नाहीये. बग्गी घेऊ, तुम्ही नि आई बसा, मी हाकते. जिथे वाटेल तिथे उतरा. कॉलरचा टीशर्ट आणि साधी पँट चालेल, तो खाकी बर्मुडा मात्र घरी ठेवा. व्हिसासाठी पेन्शनचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या आणि माझं बोलावल्याचं पत्र लागेल, फॉर्म मी इथून भरते, तुम्ही फक्त बोटांचे ठसे द्यायला जायचं. एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगणार आहे, त्यावर वाद नको. खर्चाचं विचारू नका.

आणि बाबा, शोकेसमध्ये गणपतीमागे तो पिवळा पडलेला बॉल आहे ना, चेंबूरच्या गोल्फ कोर्सच्या भिंतीवरून तुमच्या पायाशी येऊन पडलेला. तुम्ही तो परत द्यायला गेटवर गेलात आणि वॉचमनने हटकलं म्हणून तसेच घरी घेऊन आलात. मी पाच-सहा वर्षांची असेन, तुम्ही तो बेसिनमध्ये ब्रशने घासत होतात आणि म्हणालात, कोणाचा तरी हरवलाय, मागायला आला तर द्यायचा. कोणी आलं नाही. तो बॅगेत टाका, मोज्यात गुंडाळून. शेवटच्या होलच्या हिरवळीवर आपण तोच ठेवू आणि पट, म्हणजे होलमध्ये हळूच ढकलायचा शेवटचा फटका, तुम्ही मारायचा. मित्राला सांगून ठेवलंय, तो म्हणाला चालेल.

आई, तू पासपोर्ट कधी संपतोय ते बघून मला आजच फोटो पाठव, बाबांवर सोडू नकोस. मेतकूट थोडं जास्त आण.

तुमची,
चिमी