नायकामागची माणसे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पॅरिसमधील श्रीलंकन तमिळ निर्वासितांवर लघुपट करण्याचे तू ठरवले आहेस, तर श्रीलंकेतील युद्धातून फ्रान्समध्ये आलेल्या तमिळ माणसाची कथा सांगणारा, फ्रेंच दिग्दर्शक जाक ओदियार यांचा ‘दीपन’ पुन्हा पाहा, आणि या वेळी नायकाऐवजी त्याच्या भोवतालच्या माणसांकडे लक्ष दे. २०१५ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या या चित्रपटातील बरेचसे संवाद तमिळमध्ये आहेत आणि नायकाची भूमिका करणारे जेसुदासन हे स्वतः किशोरवयात लिट्टे या श्रीलंकेतील तमिळ बंडखोर संघटनेमध्ये राहिलेले आणि पुढे फ्रान्समध्ये आश्रय घेतलेले लेखक आहेत. एवढा आदर त्यापूर्वी कोणत्या फ्रेंच दिग्दर्शकाने तमिळ माणसाला दिला असेल, असे मला वाटत नाही.

मात्र हा आदर कोणाच्या खर्चाने दिला गेला, तेही पाहावे लागते. नायक ज्या वसाहतीत रखवालदार म्हणून राहतो, तेथील तरुण एक ब्राहिम सोडला तर केवळ अमली पदार्थ विकणारा, गोळ्या झाडणारा जमाव बनून राहतात. शेवटी नायकाने त्यांना मारत जिना चढावा आणि इंग्लंडच्या उन्हात सुखी व्हावे, यासाठीच जणू ते तेथे आहेत. एका स्थलांतरिताला माणूस करण्यासाठी दुसऱ्यांना केवळ एक धोका बनवून टाकणे मला अन्यायाचे वाटते. (हिंदी चित्रपटांतील मोलकरीण आणि हवालदार मराठीच का, म्हणून चिडणाऱ्या आपल्या घराला हे समजायला जड जाऊ नये.) पॅरिसजवळील माँफेर्मेलच्या अशाच वसाहतीत वाढलेल्या दिग्दर्शक लाज ली यांनी २०१९ च्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये तितकाच हिंसाचार दाखवला, परंतु शेवटी पेटती बाटली उचलणारा मुलगा कोण आहे आणि त्याच्यावर काय गुदरले आहे, हे आपल्याला तोपर्यंत ठाऊक झालेले असते.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. ‘दीपन’मधील तीन अनोळखी माणसे मृतांच्या पारपत्रांवर एक कुटुंब असल्याचे भासवून फ्रान्समध्ये येतात. कथा म्हणून ते विलक्षण आहे. पण आश्रयाचा अर्ज तपासणारा अधिकारीही चित्रपट पाहतो, आणि ज्यांचे कुटुंब खरे आहे त्यांच्याकडेही तो संशयाने पाहू लागला, तर त्याची झळ दिग्दर्शकाला लागत नाही. तुझे चित्रीकरण तर पॅरिसमधील ला शापेल या तमिळ वस्तीच्या खऱ्या दुकानांत होणार आहे. तेथील कोणाचा अर्ज अजून प्रलंबित असेल, कोणाचे आईवडील श्रीलंकेत जाफन्यात असतील. म्हणून संमतीपत्रावर सही घेऊन थांबू नकोस, संकलित चित्रपट त्यांना आधी दाखव आणि ज्याला आपला चेहरा नको असेल त्याचा प्रसंग काढून टाक, मग तो कितीही चांगला साधला असो.

तुझी,
आई